गेम सुरळीत चालतो, रेकॉर्डिंग मात्र अडखळतं: ओबीएसमध्ये व्हिडिओ आणि आवाजाची सेटिंग कशी ठेवायची?

मानेवाडा_जीजी

मंडळी, ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर गेमप्ले रेकॉर्ड करून मराठी कॉमेंट्रीसकट यूट्यूबवर टाकायचा आहे. खेळताना काहीच अडत नाही, १३०-१४० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळून राहिले. पण रेकॉर्ड झालेली फाइल लावली की चित्र मधूनमधून झटके खाते. गाडी जोरात वळवली की रस्त्याकडेच्या झाडाझुडपांचा नुसता लगदा होतो. रंगही स्क्रीनवर दिसतात तसे येत नाहीत. अंधाराचा भाग पार काळाकुट्ट होतो आणि त्यातलं काही दिसत नाही.

आवाजाचं दुखणं वेगळंच. गोळीबार सुरू झाला की माझं बोलणं बुडतं. डिस्कॉर्डवर बोलणारे मित्र, गेम आणि मी, सगळं एकाच ट्रॅकमध्ये कालवलेलं असल्यामुळे एडिटमध्ये वेगळं करता येत नाही. शिवाय नवतपा जवळ आला आहे. नागपुरात या दिवसांत कूलर बंद करून बसणं शक्यच नाही, आणि त्याची घरघर माइकमध्ये पुरती उतरते.

मशीन: रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० १२ जीबी, रॅम १६ जीबी, विंडोज ११. गेम ५०० जीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर, रेकॉर्डिंग १ टीबी हार्ड डिस्कवर. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्‌झ. माइक यूएसबी कंडेन्सर, मॉनिटरशेजारी छोट्या स्टँडवर. हेडफोन वायरचा.

सध्याची सेटिंग: एनव्हेन्क एच.२६४ (ग्राफिक्स कार्डातला एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लिहिणारा भाग), सीबीआर (दर सेकंदाला ठरावीकच बिट) ८,००० केबीपीएस, प्रीसेट पी७, मल्टिपास फुल रिझोल्यूशन, लुक-अहेड चालू, कलर रेंज फुल, १०८०पी ६० एफपीएस, फॉरमॅट एमपी४. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली की ती फाइल नंतर उघडतच नाही, त्यावरही काही उपाय असेल तर सांगा.

हार्ड डिस्क हळू आहे म्हणून झटके येतात का? एसएसडी घ्यावी लागेल का?

फ्रेमवाला_सदर

एसएसडीसाठी खिशात हात घालू नका. ८,००० केबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी. खाली मी सांगतो ती सेटिंग लावल्यावर ते सरासरी ५-६ एमबीपर्यंत जाईल. साधी हार्ड डिस्क सलग लिहिताना १०० एमबीच्या आसपास सहज जाते. गेम दुसऱ्या ड्राइव्हवर आहे हेही बरोबरच आहे. डिस्कचा इथे काही दोष नाही.

बिटरेटला हात लावण्याआधी झटके कुठून येतात ते पाहा. ओबीएसमध्ये डॉक्सच्या मेनूतून स्टॅट्स उघडा, दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि दोन ओळी वाचा. एक, रेंडरिंग लॅगमुळे चुकलेल्या फ्रेम. दुसरी, एन्कोडिंग लॅगमुळे गळलेल्या फ्रेम. तिसरी ओळ नेटवर्कची असते, ती स्ट्रीमिंगसाठी. रेकॉर्डिंगशी तिचा संबंध नाही. बरेच जण या दोन ओळी एकच समजतात आणि मग चुकीच्या जागी औषध लावतात.

एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर एन्कोडरला काम झेपत नाही: प्रीसेट खाली आणा, मल्टिपास कमी करा. रेंडरिंग लॅग वाढत असेल तर मात्र एन्कोडर मोकळाच बसलेला असतो. ओबीएसला प्रत्येक फ्रेम जुळवून एन्कोडरकडे द्यायला जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) थोडासा वेळ लागतो, आणि गेमने जीपीयू ९९ टक्के खाऊन टाकला की तो वेळच मिळत नाही. अशा वेळी बिटरेट वाढवा की कमी करा, फरक शून्य. तुमचं वर्णन वाचून मला हाच प्रकार वाटतो, कारण ३०६० मधला एनव्हेन्क १०८०पी ६० सहज पेलतो.

उपाय म्हणजे गेमचे एफपीएस बांधून टाका. गेमच्या सेटिंगमध्ये मर्यादा असेल तर तिथे, नाहीतर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट. आकडा १२० ठेवा, १४४ नको. कारण सांगतो. रेकॉर्डिंग ६० चं आहे, म्हणजे ओबीएस दर १६.६७ मिलिसेकंदांनी गेमची त्या क्षणाची ताजी फ्रेम उचलतं. गेम १४४ वर असेल तर त्याची एक फ्रेम ६.९४ मिलिसेकंदांची. हिशोब मांडला तर ओबीएसच्या दोन उचलींमध्ये गेम आधी २ फ्रेम पुढे जातो, मग २, मग ३, मग २, मग ३. गाडी एकाच वेगाने चालली असली तरी फाइलमध्ये ती कधी कमी, कधी जास्त सरकते. एकही फ्रेम गळलेली नसते, स्टॅट्समध्ये सगळं शून्य दिसतं, तरी डोळ्याला खटकतं. १२० वर दर वेळी बरोबर २ फ्रेम जातात. म्हणजे एकाच मर्यादेने दोन्ही रोग जातात: जीपीयूला श्वास मिळतो आणि उचल समान होते. १२० टिकत नसतील तर ग्राफिक्समधल्या सावल्या आणि रिफ्लेक्शन एक पायरी खाली आणा.

आता लगदा. १०८०पी ६० म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख पिक्सेल. त्यांना ८० लाख बिट वाटून दिले तर एका पिक्सेलच्या वाट्याला ०.०६ बिट येतात. उभी भिंत असेल तर एवढ्यात भागतं. गवत, पाऊस, धूर, झाडं आली आणि कॅमेरा फिरला की मागच्या फ्रेममधून उचलण्यासारखं काही उरत नाही आणि एन्कोडर तपशील टाकून देतो. सीबीआर हा स्ट्रीमिंगचा मोड आहे. तिथे इंटरनेटची नळी ठरावीक असते. डिस्कवर लिहिताना ती अट कशाला?

सेटिंग्जमध्ये आउटपुट मोड ॲडव्हान्स्ड करा आणि रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये हे भरा:

एन्कोडर: एनव्हिडिया एनव्हेन्क एच.२६४
रेट कंट्रोल: सीक्यूपी, आकडा २०
कीफ्रेम इंटरव्हल: २ सेकंद
प्रीसेट: पी५, ट्यूनिंग: हाय क्वालिटी
मल्टिपास: बंद
प्रोफाइल: हाय
लुक-अहेड: बंद, बी-फ्रेम: २

सीक्यूपीमध्ये बिटरेट नाही, दर्जा ठरवून द्यायचा असतो: आकडा लहान तेवढा दर्जा चांगला आणि फाइल मोठी. साधारण ६ अंक खाली गेलं की फाइल दुपटीच्या आसपास जाते, म्हणून १२-१४ ठेवून उपयोग नाही. डोळ्याला फरक दिसत नाही आणि डिस्क भरते. १८ ते २३ हा कामाचा पट्टा. कीफ्रेम म्हणजे पूर्ण चित्राची फ्रेम. इंटरव्हल शून्य ठेवलं तर ती २५० फ्रेमनंतर येते, म्हणजे ६० एफपीएसला चार सेकंदांहून जास्त. मग एडिटमध्ये टाइमलाइन मागेपुढे करताना सॉफ्टवेअर दर वेळी तेवढ्या मागून डिकोड करत बसतं. दोन सेकंदांवर ते हलकं होतं. लुक-अहेड (पुढच्या फ्रेम आधी पाहून घेणं) जीपीयूच्या त्याच भागावर चालतं ज्यावर गेम चालतो, म्हणून तुमच्या परिस्थितीत ते आधी बंद. सायकोव्हिज्युअल ट्यूनिंगचंही तेच आहे. झटके गेल्यावर हवं तर चालू करून पाहा.

काळाकुट्टपणा कलर रेंज फुलमुळे. ओबीएस फुल रेंजमध्ये लिहितं आणि पुढे प्लेअर किंवा एडिटर त्याला लिमिटेड समजून दाखवतो; मग सगळ्यात गडद छटा आणि सगळ्यात उजळ छटा दोन्ही कापल्या जातात. ॲडव्हान्स्डमध्ये फॉरमॅट एनव्ही१२, कलर स्पेस रेक. ७०९, रेंज लिमिटेड. यात रंगांचं काही नुकसान होत नाही, यूट्यूबलाही हेच अपेक्षित आहे.

एमपी४ ची अडचण अशी की फाइलमध्ये कुठे काय आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली की डेटा डिस्कवर असतो, पण अनुक्रमणिका नसल्यामुळे प्लेअरला तो वाचता येत नाही. फॉरमॅट एमकेव्ही करा. वीज गेली तरी शेवटचे एक-दोन सेकंद जातील, बाकी शाबूत. एडिटरला एमपी४ च हवं असेल तर फाइल मेनूतल्या रिमक्स रेकॉर्डिंग्जमधून बदला. त्यात पुन्हा एन्कोडिंग होत नाही, नुसता डबा बदलतो, म्हणून दर्जाही तोच राहतो आणि वेळही फार लागत नाही. ओबीएस ३०.२ पासून हायब्रिड एमपी४ आला आहे, तोही अर्धवट बंद पडलेला वाचतो.

लॅपटॉप_हिंगणा

सदरवाले भाऊ, सीक्यूपीमध्ये फाइल किती मोठी होईल ते आधी कळत नाही ना. सीबीआर ५०,००० ठेवला तर दर्जाही मिळतो आणि हिशोबही सरळ राहतो. त्यात वाईट काय?

दुसरं, लॅपटॉपवर जीटीएक्स १६५० आणि १२ व्या पिढीचा आय५ आहे. त्यावर एनव्हेन्क घ्यायचा की इंटेलचा क्विकसिंक? डिस्प्ले कॅप्चर लावला की नुसती काळी स्क्रीन येते.

फ्रेमवाला_सदर

वाईट काही नाही, पण जागा फुकट जाते. मेनू, लोडिंग स्क्रीन, नकाशा पाहत थांबणं, इथेही सीबीआर तेवढेच बिट भरत राहतो. सीक्यूपी शांत दृश्यात ८-१० एमबीपीएसवर येतो आणि धुमश्चक्रीत ७०-८० वर जातो. जिथे गरज, तिथे खर्च. जागेचा अंदाज काढायचा तर एमबीपीएसला ०.४५ ने गुणा, तासाचे जीबी मिळतात. सरासरी ४० एमबीपीएस पडली तर तासाला १८ जीबी. गेमागणिक ही सरासरी बदलते, म्हणून आपल्या गेमची दहा मिनिटं रेकॉर्ड करून सहाने गुणणं हा सगळ्यात खरा अंदाज.

लॅपटॉपवर आधी एनव्हेन्कच घ्या. १६५० मधला एनव्हेन्क एक पिढी जुना आहे, त्यामुळे त्याच आकड्याला फाइल थोडी मोठी होईल, पण फ्रेम त्याच चिपवर राहते. क्विकसिंक घेतला तर प्रत्येक फ्रेम एनव्हिडियाकडून इंटेलकडे नेण्याचा भार पडतो. एनव्हेन्कला खरंच झेपत नसेल तेव्हा क्विकसिंक घ्या, त्यात रेट कंट्रोल आयसीक्यू (सीक्यूपीसारखाच दर्जावर चालणारा), आकडा २१-२२.

काळी स्क्रीन दोन जीपीयूंमुळे. लॅपटॉपचा डिस्प्ले बहुधा इंटेलला जोडलेला असतो आणि ओबीएस एनव्हिडियावर चालत असतं, मग त्याला स्क्रीन दिसणार कुठून? डिस्प्ले कॅप्चरऐवजी गेम कॅप्चर वापरा, आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन गेम आणि ओबीएस दोघांनाही हाय परफॉर्मन्स द्या. डेस्कटॉपच रेकॉर्ड करायचा असेल तेव्हा ओबीएसला पॉवर सेव्हिंग द्यावं लागतं. एम्युलेटरसाठी विंडो कॅप्चर. आणि चार्जर लावूनच रेकॉर्ड करा, बॅटरीवर जीपीयू स्वतःला आवरतो.

आवाज_इतवारी

व्हिडिओचं झालं, आता आवाज. प्रेक्षक एखादी फ्रेम गळाली तर सहन करतात, पण फाटका किंवा दबलेला आवाज असेल तर व्हिडिओ सोडून जातात. त्यामुळे इथे घाई करू नका.

पहिलं काम सॅम्पल रेट एकसारखा करणं. ओबीएसच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्‌झ, स्टीरिओ. मग विंडोजच्या जुन्या साउंड पॅनलमध्ये जाऊन माइक आणि हेडफोन दोघांच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर ४८,००० हर्ट्‌झ. एक ४४.१ वर आणि दुसरा ४८ वर राहिला तर मधूनच टिकटिक, चरचर येते, आणि काही वेळा लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाज चित्रापासून सरकत जातो. त्याच टॅबवर एक्सक्लुझिव्ह कंट्रोलची खूण काढून टाका. त्याच साउंड पॅनलमध्ये कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. तिथे मुळातच अशी सेटिंग असते की कॉल सुरू झाला की विंडोज बाकी आवाज ८० टक्क्यांनी खाली आणतं. डिस्कॉर्डवर मित्र आला आणि गेमचा आवाज अचानक बसला, असं होत असेल तर कारण हे. तिथे ‘काहीही करू नका’ निवडा.

दुसरं, ट्रॅक वेगळे करणं. सेटिंग्जमधला डेस्कटॉप ऑडिओ डिसेबल करा. मग सोर्सेसमध्ये ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर दोनदा घाला, एकदा गेमसाठी, एकदा डिस्कॉर्डसाठी. माइकसाठी ऑडिओ इनपुट कॅप्चर. डेस्कटॉप ऑडिओ चालूच ठेवला तर गेमचा आवाज दोन वाटांनी येतो, मधे काही मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि पिंपात बोलल्यासारखा पोकळ आवाज निघतो. गेम कॅप्चर सोर्सच्या आतही ऑडिओ कॅप्चरची एक खूण असते. ती आणि वेगळा सोर्स, दोन्ही एकदम नकोत.

आता मिक्सरमधून ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज उघडा. गेमला ट्रॅक १ आणि २, माइकला १ आणि ३, डिस्कॉर्डला १ आणि ४. मग आउटपुटच्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये १ ते ४ चारही ट्रॅकवर खूण करा. ही शेवटची खूण राहून गेली की मिक्सरमध्ये सगळं बरोबर दिसतं आणि फाइलमध्ये एकच ट्रॅक निघतो. ट्रॅक १ मध्ये सगळं मिसळून ठेवायचं कारण असं की साधे प्लेअर पहिलाच ट्रॅक वाजवतात. फाइल न एडिट करता कोणाला पाठवली तरी पूर्ण ऐकू येते. ऑडिओ बिटरेट १६० असतो, तो प्रत्येक ट्रॅकला ३२० करा. व्हिडिओच्या मानाने ही जागा नगण्य आहे.

आता कूलर. फिल्टरच्या आधी माइकची जागा बदला, अर्धं काम तिथेच होतं. मॉनिटरशेजारचा माइक तोंडापासून ६० सेंटिमीटरवर असणार. तो बूम आर्मवर घेऊन १५ सेंटिमीटरवर आणा. अंतर निम्मं झालं की तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे ६० वरून १५ वर आल्यावर १२ डेसिबल, आणि कूलरचा आवाज आहे तेवढाच राहतो. मग माइकचा गेन तेवढा खाली आणा, घरघर आपोआप खाली जाते. बूम आर्म बर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानांत मिळेल. खूप भारी घेण्याची गरज नाही, माइकचं वजन पेलेल एवढं पाहा.

माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) असेल तर तो पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून माइकची पाठ कूलरकडे हवी, म्हणजे कूलर तुमच्या समोरच्या बाजूला आणि तुम्ही कूलरकडे तोंड करून. बहुतेकांचा कूलर मागच्या खिडकीत असतो, अगदी माइकच्या तोंडासमोर. तसं असेल तर टेबल फिरवा. आणखी एक: यूएसबी कंडेन्सरमध्ये बरेच माइक बाजूने ऐकतात, टोकाकडून नाही. कंपनीचं चिन्ह किंवा गेनचा गोल खटका ज्या बाजूला असतो, ती बहुधा तोंडाकडची बाजू. माइकच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. कूलरचा झोत थेट माइकवर येत असेल तर भडभड येते, ती कुठल्याच फिल्टरने जात नाही. फोमची टोपी घाला आणि झोताची पाती वळवा.

मग माइकवर फिल्टर, याच क्रमाने: नॉइज सप्रेशन, नॉइज गेट (गप्प असताना माइक बंद करणारा), कंप्रेसर (मोठा आणि लहान आवाज जवळ आणणारा), लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा).

नॉइज सप्रेशनमध्ये आरएनएनॉइज निवडा. कूलरसारखा एकसुरी आवाज तो चांगला ओळखतो. पण घरघर फार मोठी असेल तर तो बोलण्याचेही लचके तोडतो आणि शब्द पाण्याखालून आल्यासारखे लागतात; विशेषतः ‘स’, ‘श’, ‘ष’ आणि वाक्याच्या शेवटी उतरणारे शब्द. म्हणून वर जागेवर एवढा भर दिला. विंडोजमधलं ऑडिओ एन्हान्समेंट चालू असेल तर बंद करा, दोनदा साफसफाई झाली की हाच प्रकार होतो. डिस्कॉर्डमधलं नॉइज सप्रेशन फक्त मित्रांकडे जाणाऱ्या आवाजावर चालतं, ओबीएसच्या फाइलवर त्याचा परिणाम नाही.

गेटसाठी आधी गप्प बसून मीटर पाहा. समजा कूलर चालू असताना, सप्रेशननंतर, काटा −५० वर आहे. मग क्लोज −४४ आणि ओपन −३८ च्या जवळपास ठेवा. होल्ड २०० आणि रिलीज १५० मिलिसेकंद असतात ते राहू द्या. ओपन फार वर ठेवलं तर शब्दाचं पहिलं अक्षर गिळलं जातं. ‘पळ’ चा ‘ळ’ तेवढा ऐकू येतो.

कंप्रेसरमध्ये मुळात रेशो १०:१ असतो, तो बोलण्यासाठी फार कडक आहे. ३:१ करा, थ्रेशोल्ड −१८, अटॅक ६, रिलीज ६०. आउटपुट गेन एवढा द्या की नेहमीचं बोलणं मीटरच्या पिवळ्या पट्ट्यात, −१५ ते −१० मध्ये राहील. लिमिटर −३ वर, म्हणजे ‘अरे मेला मेला!’ असं ओरडलात तरी आवाज फाटणार नाही. गेम मिक्सरमध्ये खाली ओढा. बहुतेक वेळ हिरव्यात, −२० च्या खाली. हे ओबीएसच्या मिक्सरमध्येच करा, म्हणजे तुमच्या हेडफोनमध्ये गेम पूर्वीसारखाच मोठा राहील.

मानेवाडा_जीजी

दोघांचेही मनापासून आभार. स्टॅट्स पाहिलं: रेंडरिंग लॅग ७ टक्क्यांच्या आसपास, एन्कोडिंग लॅग शून्य. १२० वर बांधल्यावर आणि लुक-अहेड काढल्यावर जीपीयू ९९ वरून ८८-९० वर आला, लॅग अर्ध्या टक्क्याच्या आत. लगदा आणि काळेपणा दोन्ही गेले. ट्रॅकही वेगळे येऊन राहिले.

दोन गोष्टी राहिल्या. दुपारी रेकॉर्ड केलं की अजून थोडे झटके येतात, रात्री नाहीत. आणि मी बोललो की गेम आपोआप खाली जाईल असं काही ओबीएसमध्येच होतं का?

फ्रेमवाला_सदर

दुपारचं कारण तापमान. खोलीतच ३८-४० असेल तर कार्ड ८३ अंशांच्या जवळ जातं आणि स्वतःचा क्लॉक हळूहळू उतरवतं. मग तेच १२० एफपीएस द्यायला त्याला पुन्हा ९७-९९ टक्के जोर लावावा लागतो आणि ओबीएसचा वाटा गेला. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये तापमान आणि क्लॉक दोन्ही आलेखावर ठेवा, कळेल. फॅन कर्व्ह चढा करा, कॅबिनेटची जाळी धूळ झटकून साफ करा, पॉवर लिमिट ९० टक्क्यांवर आणा. एफपीएस थोडेच कमी होतात, ऊब बरीच कमी होते. कूलरचा झोत सरळ उघड्या कॅबिनेटवर मात्र सोडू नका, त्याबरोबर पाण्याचे तुषार जातात.

ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. विंडोजमध्ये तसं केल्याने जीपीयूच्या रांगेत त्याला गेमच्या आधी जागा मिळते. रेकॉर्ड करताना प्रीव्ह्यूवर राइट क्लिक करून तो बंद ठेवा. विंडोजचा गेम बार मागच्या मागे क्लिप रेकॉर्ड करत असेल तर तेही बंद करा.

आवाज_इतवारी

होतं. गेमच्या सोर्सवर कंप्रेसर लावा आणि त्यातल्या साइडचेन किंवा डकिंग सोर्समध्ये माइक निवडा. रेशो ४:१, थ्रेशोल्ड −३२, अटॅक ५०, रिलीज ६०० मिलिसेकंद. रिलीज लहान ठेवला तर दोन शब्दांच्या मधेही गेम उसळतो.

पण एक लक्षात घ्या: ओबीएसचे फिल्टर ट्रॅक वाटण्याच्या आधी लागतात. म्हणजे डकिंग (बोलताना गेम खाली जाणं) ट्रॅक २ मध्येही कायमचं कोरलं जाईल, एडिटमध्ये मागे घेता येणार नाही. न एडिट करता टाकायचं असेल तरच हे करा, नाहीतर डकिंग एडिटरमध्ये. माइकच्या फिल्टरलाही हाच नियम. म्हणून माइकचा दुसरा सोर्स घाला, त्याला एकही फिल्टर लावू नका आणि त्याला फक्त ट्रॅक ५ द्या. रेकॉर्डिंग टॅबमध्ये ५ वरही खूण हवी. गेटने एखादा शब्द खाल्ला तर तिथून उचलता येतो.

शेवटचं मिश्रण −१४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास आणा. त्याहून मोठा आवाज यूट्यूब खाली ओढतं, लहान आवाज मात्र वाढवून देत नाही.

लॅपटॉप_हिंगणा

ब्लूटूथ इअरबडचा माइक चालेल का? वायरचा हेडसेट नाही सध्या.

आवाज_इतवारी

ऐकायला चालेल, माइक म्हणून नाही. माइक सुरू झाला की ब्लूटूथ कॉलच्या प्रोफाइलवर जातं आणि तुमच्या कानातला गेमही टेलिफोनसारखा मोनो होतो. इअरबड फक्त ऐकायला ठेवा आणि माइक लॅपटॉपचा किंवा ३.५ मिमीचा साधा कॉलर माइक घ्या. लॅपटॉपच्या चार्जरमुळे माइकमध्ये ‘घूं’ असा एकसुरी आवाज येत असेल तर बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. दोन पिनांचा अडॅप्टर लावून चार्जर जोडला असेल तर आधी तो काढा.

मानेवाडा_जीजी

एच.२६४ ऐवजी एचईव्हीसी (एच.२६५) वापरून जागा वाचेल का? आणि यूपीएस ६०० व्हीएचा पुरेल?

फ्रेमवाला_सदर

एचईव्हीसी त्याच दर्जाला लहान फाइल देतो, पण एडिट करताना मशीनवर भार जास्त. कापाकापी रोजची असेल तर एच.२६४ च बरा. नुसतं साठवून ठेवायचं असेल तर एचईव्हीसी. एव्ही१ (त्याहून नवा फॉरमॅट) तुमच्या कार्डावर रेकॉर्ड होणार नाही, त्याचा एन्कोडर आरटीएक्स ४० मालिकेपासून आहे.

यूट्यूबवर १०८०पी टाकताना गवताचा पुन्हा लगदा झाला तर एक्स्पोर्ट १४४०पी करा. रेकॉर्डिंग १०८०पी च राहू द्या, फक्त एडिटरमध्ये वर न्या, ६० एफपीएसला २४ एमबीपीएस किंवा त्याहून जास्त. १४४०पी ला यूट्यूब जास्त बिट देतं.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. ३०६० चे १७०, प्रोसेसरचे ७५-८०, बोर्ड, पंखे, मॉनिटर धरून खेळताना ३०० च्या आसपास जाणार. काठावर आहे, नवीन बॅटरीवर रेकॉर्डिंग थांबवून बंद करण्याइतका वेळ मिळेल, जुन्या बॅटरीवर लाइट जाताच यूपीएसही बसेल. १,००० किंवा १,१०० व्हीएचा घ्या, आणि त्यावर फक्त कॅबिनेट, मॉनिटर आणि राउटर जोडा. कूलरची पिन त्यात लावू नका.